वरच्या मजल्याची थंडी

मुंबईत थंडी ही बातमी असते. सांताक्रूझला पारा 15 अंशांच्या खाली उतरला की सोसायटीच्या ग्रुपवर मफलर गुंडाळलेले फोटो येतात, वॉचमन कुठूनतरी लाकडं गोळा करून शेकोटी पेटवतो, आणि एखादे काका हमखास 22 जानेवारी 1962 काढतात. त्या दिवशी सांताक्रूझला 7.4 अंश नोंदले गेले होते आणि तो नीचांक अजून मोडलेला नाही. चार दिवसांत हे सगळं ओसरतं आणि पंखा पुन्हा तीनवर येतो. घर गरम करायला इथे कुणी काही करत नाही, ते गार कसं राहील याचीच विवंचना. गरम लागतं ते आंघोळीचं पाणी. त्याला पूर्वी बंब होता, आता गीझर आहे.

त्यामुळे इंग्लंडमधल्या लीड्सहून भाचीने फोन करून "मावशी, वरच्या मजल्यावर हीटिंगच लागत नाहीये, तू बघ ना जरा" असं म्हटल्यावर आमच्या घरात सगळे हसले. मला काही हसू आलं नाही. मी नोकरीभर ट्रॉम्बेकडच्या एका रासायनिक कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये होते. तापमान मोजायचं, ते कंट्रोल रूमला कळवायचं, तिथून व्हॉल्व्हला हुकूम जायचा आणि व्हॉल्व्ह खरंच उघडला की नाही याची पोच परत यायची, यातच हयात गेली. माझ्या अनुभवात बिघाड व्हॉल्व्हपेक्षा पोचेतच जास्त वेळा निघायचा. भाचीला हे माहीत होतं. शिवाय तिकडचा एक दुरुस्तीवाला आधी येऊन गेला होता आणि त्याच्या तीन भेटींत दुखणं बॉयलर बदलण्यापर्यंत पोचलं होतं. माझा सल्ला फुकट होता, हेही असेल.

तिचं घर विटांच्या जुन्या रांगेतलं, मागच्या बाजूला नंतर वाढवलेलं. गॅसवर चालणारा बॉयलर स्वयंपाकघरातल्या कपाटात. कारखान्यातला बॉयलर म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे तेव्हाचा 1923 चा बॉयलर कायदा, वर्षाकाठी येणारे बॉयलर इन्स्पेक्टर आणि भिंतीवर टांगलेलं प्रमाणपत्र उभं राहतं. तोच इथे गरम मसाल्याच्या डब्यांशेजारी लटकलेला पाहून पहिल्यांदा धडकीच भरली होती. पण यात वाफ होत नाही. पाणी साठ-सत्तर अंशांपर्यंत तापतं, पंप ते नळ्यांमधून घरभर फिरवतो, खोल्याखोल्यांतल्या पत्र्याच्या रेडिएटरमधून ते आपली उष्णता सोडत जातं आणि निवून परत बॉयलरकडे येतं. पुन्हा पुन्हा तेच पाणी. ते थंड असताना दाब एक ते दीड बार असला म्हणजे झालं.

घराचे झोन दोन, एक खालचा आणि एक वरचा. प्रत्येकाचा थर्मोस्टॅट, म्हणजे खोलीचं तापमान बघून उष्णता मागणारं बटण, वेगळा, वेळापत्रक वेगळं. जिन्याखालच्या कपाटात दोन नळ्यांवर दोन मोटरवाले व्हॉल्व्ह बसवलेले, एकेका मजल्याचा एकेक. इंग्लंडमध्ये दीडशे चौरस मीटरहून मोठ्या नव्या घराला निदान दोन झोन ठेवावेच लागतात. भाचीचं घर तेवढं मोठं नाही, पण आधीच्या मालकाने हौसेने ते करून घेतलेलं. कल्पना साधी आहे. दिवसा माणसं खाली वावरतात, रात्री वर झोपतात, मग सगळं घर सगळा वेळ कशाला तापवायचं?

भाचीच्या नवऱ्याला हे समजावताना मला आपलं पाणी उपयोगी पडलं. मुंबईला सात तलावांमधून पाणी येतं. त्यातला विहार 1860 चा, आणि मध्य वैतरणा अगदी अलीकडचा, 2014 चा. बरंचसं पाणी भांडुपला शुद्ध होतं, मग टेकड्यांवरच्या जलाशयांत भरतं. मलबार हिलला हँगिंग गार्डनमध्ये पोरं बागडतात ती अशाच एका जलाशयाच्या डोक्यावर. पण हे पाणी सगळ्या शहराला एकदम सोडत नाहीत. महापालिकेचा चावीवाला येतो, रस्त्यातलं झाकण काढतो, लांब दांड्याची चावी आत घालून फिरवतो आणि एका भागाची पाळी सुरू होते. आमच्या मुलुंडला पाणी येतं ती वेळ वेगळी, गिरगावातल्या नातेवाइकांची वेगळी. झोन व्हॉल्व्ह म्हणजे घरातला चावीवाला. फरक इतकाच की आपल्या चावीवाल्याला चावी फिरवून झाल्यावर भांडुपला काही कळवावं लागत नाही. पाणी टेकडीवर तयार असतं, वाट मिळाली की उतरतं. तिकडच्या चावीवाल्याला मात्र कामं दोन. एक, वाट मोकळी करायची. दुसरं, वाट मोकळी झाली हे बॉयलरला कळवायचं. त्याने कळवलं नाही तर बॉयलर पेटत नाही, पंप फिरत नाही, आणि उघड्या दारापाशी गार पाणी तसंच उभं राहतं.

हे दुसरं काम करणारा भाग अगदी क्षुल्लक दिसतो. व्हॉल्व्हच्या वर डबीएवढं डोकं असतं, त्यात छोटी मोटर. थर्मोस्टॅटने वीज दिली की मोटर आतला गोळा हळूहळू फिरवते. दहा-पंधरा सेकंदांत वाट उघडते आणि त्या प्रवासाच्या अगदी शेवटी एक पट्टी मायक्रोस्विचवर टेकते. तो स्विच मिटला की नारिंगी वायरमधून बॉयलरला निरोप जातो. स्विच शेवटी ठेवलाय त्याला कारण आहे. वाट पुरती उघडायच्या आत पंप सुरू झाला तर तो बंद दारावर जोर करत बसेल आणि बॉयलर जागच्या जागी तेच पाणी तापवत राहील. म्हणून आधी दार, मग निरोप. थर्मोस्टॅटची वीज गेली की स्प्रिंग गोळा मागे खेचते, स्विच सुटतो, निरोप थांबतो.

या निरोपाचा इतिहास मला फार आवडतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर गावी वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. वर्गात कधी उकाडा, कधी गारठा. शिपाई वर्गावर्गांतून तापमान बघत हिंडणार, मग तळघरात जाऊन भट्टीच्या झडपा कमी-जास्त करणार. जॉन्सननी 1883 मध्ये विजेवर चालणाऱ्या थर्मोस्टॅटचं पेटंट घेतलं. त्यांच्या यंत्राचं काम तळघरातल्या माणसासाठी घंटा वाजवणं, एवढंच. झडप फिरवायला माणूस होताच. आता माणूस गेलाय. घंटा राहिली आहे, मायक्रोस्विच होऊन.

आता तक्रार. संध्याकाळी वरच्या खोल्या छान गरम. रात्री खालचा झोन बंद झाला की वरचे रेडिएटर निवत जात आणि पहाटे झोपायच्या खोलीत श्वासाची वाफ दिसे. दुरुस्तीवाल्याने पहिल्या भेटीत रेडिएटरमधली हवा काढली. हवा वर जाऊन साठते हे खरं, वरच्या मजल्यावर पहिला संशय तिच्यावरच घ्यावा हेही खरं. पण हवेने अडलेला रेडिएटर डोक्याशी गार आणि पायथ्याशी गरम असतो. हे तर सबंध गार होते, आणि तेही ठरावीक वेळी. हवा काढताना दाब उतरला तो पुन्हा भरून घेतला, बाकी जैसे थे. दुसऱ्या भेटीत त्याने गाळ सांगितला. लोखंडाच्या गंजाचा काळा गाळ जुन्या नळ्यांत खरंच साठतो आणि तो रेडिएटरचं बूड गार ठेवतो. नळ्या धुऊन काढायचा खर्च काही शे पौंड. तिसऱ्या भेटीत त्याने बॉयलरचं वय विचारलं. वय विचारलं की पुढे काय येणार हे डॉक्टरकडे जाऊन आलेल्या कुणालाही कळतं.

गाळाचं ऐकून मी एकच प्रश्न विचारला: हा गाळ संध्याकाळी कुठे जातो? ज्या नळीतून सहा वाजता पाणी व्यवस्थित फिरतं ती रात्री अकराला तुंबत नाही. वेळेवर बिघडणारी वस्तू बहुधा नळी नसते, हुकमाची साखळी असते.

खरं निदान मात्र त्या घरात आधीच लिहून ठेवलेलं होतं. व्हॉल्व्हच्या कपाटाच्या दाराला आतून एक पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली होती, आधीच्या मालकाच्या हातची. झोपायची खोली गार वाटली तर हॉलचा थर्मोस्टॅट वाढवा, असा तिचा मजकूर. भाचीने ती मला व्हिडिओ कॉलवर सहज म्हणून दाखवली. तिला वाटलं होतं, ही त्या घराची रीत आहे. मी म्हटलं, "अगं, ही रीत नाही, हा बिघाडाचा रिपोर्ट आहे."

विचार करा. वरची खोली गार आणि बटण वाढवायचं खालचं. असं का चालत असेल? वरचा व्हॉल्व्ह उघडतोय, पण बॉयलरला कळवत नाही. खालचा व्हॉल्व्ह उघडतो आणि कळवतोही. खालच्याने कळवलं की बॉयलर पेटतो, पंप फिरतो आणि वरचं दार उघडंच असल्यामुळे वरही पाणी जातं. वरचा मजला इतकी वर्षं खालच्याच्या निरोपावर ऊब घेत होता. आधीचा मालक म्हातारा, खालचं हीटिंग दिवसरात्र चालू ठेवायचा, म्हणून त्याला कधी विशेष जाणवलं नसावं. 2022 पासून तिकडे गॅसच्या बिलांनी लोकांना घाम फोडला. भाचीने काटकसर म्हणून रात्री खालचा झोन बंद ठेवायला सुरुवात केली आणि उधळपट्टीने झाकलेला बिघाड उघडा पडला.

कारखान्यात हे मी किती वेळा पाहिलंय. जुने ऑपरेटर इतके हुशार असतात की यंत्राचा दोष त्यांच्या हाताच्या सवयीत मुरून जातो. अमुक पंप सुरू करताना तमुक व्हॉल्व्हवर एक थाप मारायची, हे नवीन पोराला शिकवलंही जातं. कुणी विचारत नाही की थाप का. आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावरच्या बायका पहाटे साडेचारला उठून पिंपं भरतात. गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट नीट करून घ्यावा हे बैठकीत निघालं तेव्हा त्यांच्यातल्याच दोघी म्हणाल्या, कशाला, आम्हाला सवय आहे. चांगली माणसं वाईट यंत्रणा टिकवून धरतात, असं माझं मत झालंय. वाईट माणसं निदान आरडाओरडा करतात.

तर्क पटला तरी चाचणी हवीच. ती संध्याकाळी करण्यात अर्थ नव्हता, कारण घर आधीच तापलेलं असतं आणि हात लावून काही कळत नाही. शनिवारी तिच्या सकाळी सातला बसलो; इथे साडेबारा, कुकरच्या शिट्ट्या. माझी पहिली अट अशी की कुठलंही झाकण उघडायचं नाही. त्या डब्यांत 230 व्होल्ट असतात, आणि गॅसच्या बाजूला तर तिकडच्या कायद्याने ‘गॅस सेफ’ या गॅस-कारागिरांच्या अधिकृत यादीत नोंदणी असलेल्या माणसाशिवाय कुणी हात लावायचा नाही. आपल्याला फक्त बघायचं, ऐकायचं आणि नळीला हात लावायचा.

आधी दोन्ही थर्मोस्टॅट अगदी खाली. बॉयलर शांत. हे महत्त्वाचं, कारण एखादा मायक्रोस्विच मिटलेल्या स्थितीत अडकला तर कुणी न मागता बॉयलर पेटत राहतो. तो बिघाड वेगळा आणि बिलाच्या दृष्टीने जास्त वाईट. मग फक्त खालचा वाढवला. व्हॉल्व्हची घरघर, थोड्या वेळाने बॉयलर पेटला, हॉलचा रेडिएटर तापला, वरचे गारच. म्हणजे वरचा व्हॉल्व्ह नीट बंद होतोय, गळत नाही. खालचा उतरवला, सगळं थांबू दिलं, आणि फक्त वरचा वाढवला. घरघर आली. "मावशी, आवाज येतोय, मग बरोबर आहे ना?" थांब म्हटलं. व्हॉल्व्हच्या बाजूला एक लहानसा दांडा असतो. व्हॉल्व्ह बंद असताना तो सरकवायला गेलं तर स्प्रिंगचा जोर लागतो, मोटरने उघडला असेल तर तो सैल हलतो. तिने बोटाने हलवून पाहिला, सैल होता. म्हणजे थर्मोस्टॅटने सांगितलं, मोटरने ऐकलं, दार उघडलं. बॉयलरच्या पडद्यावर मात्र काही नाही. आम्ही दोघी फोनवर गप्प बसून एका डब्याकडे बघत होतो, जावई मागे चहा घेऊन उभा. मग तिने खालचा थर्मोस्टॅट एक अंश वाढवला आणि काही वेळात वरची नळी तापायला लागली.

एवढ्यावर वॉरंट काढता येतं, फाशी देता येत नाही. कारण संशयित अजून दोन होते: मायक्रोस्विच, किंवा जोडणीच्या डब्यात निसटलेली नारिंगी वायर. ते ठरवायला वायरीतली वीज मोजणारा मल्टिमीटर लागतो, आणि मल्टिमीटरला माणूस. या वेळी तिने दुसऱ्या माणसाला बोलावलं आणि फोनवरच "वरचा झोन बॉयलरला मागणी देत नाही" असं सांगितलं. "हीटिंग चालत नाही" असं सांगितलं की येणारा माणूस बॉयलरपासून सुरू करतो. नेमकी कडी सांगितली की तो मीटर घेऊन कपाटाशी जातो. त्याने स्विचला वीज आणणाऱ्या करड्या वायरवर कायमची वीज आहे हे पाहिलं, वरचा व्हॉल्व्ह उघडवला, नारिंगी वायर पाहिली. शून्य. वायर घट्ट, स्विच मेलेला. तिच्याकडचा व्हॉल्व्ह नव्या धाटणीचा असल्यामुळे पाणी न काढता नुसतं डोकं बदलता आलं. जुन्या धाटणीच्या काही व्हॉल्व्हना पाणी उपसावं लागतं आणि मग काम दिवसभराचं होतं. इथे त्याचा चहा निवायच्या आत झालं.

जुनं डोकं मी तिला मागून घ्यायला सांगितलं होतं. मेलेला भाग हातात घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. तिने ते कॅमेऱ्यासमोर उघडलं. पट्टी खाली येत होती, स्विचचं बटण दाबलं जात होतं, पण टिक् असा आवाज नव्हता. बाहेरून सगळं शाबूत.

त्यानंतर मागच्या वाढीव खोलीतला एक रेडिएटर राहिला. तो कधीच तापत नव्हता आणि त्याचा व्हॉल्व्हच्या बिघाडाशी संबंध नव्हता. रेडिएटरच्या बुडाशी आकडे असलेली जी गोल मूठ असते ती थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हची. डेन्मार्कच्या डॅनफॉस कंपनीचे मॅड्स क्लॉसेन यांनी 1943 मध्ये काढलेली युक्ती. मुठीत भरलेला पदार्थ खोली तापली की फुगतो आणि एक बारीक खिळा आत ढकलून पाण्याची वाट बंद करतो. उन्हाळाभर तो खिळा दाबलेला राहिला तर थंडीत वर यायचं विसरतो. मूठ काढायची आणि खिळा लाकडाच्या तुकड्याने हलकेच दाबून सोडायचा, तो आपसूक उसळेपर्यंत. पकडीने ओढायचा नाही, नाहीतर खिळा हातात आणि पाणी गालिच्यावर. जावयाने हे काम फार नजाकतीने केलं. हॉलमधल्या रेडिएटरचीही मूठ मी पूर्ण उघडी ठेवायला लावली. ज्या जागेत झोनचा थर्मोस्टॅट आहे तिथे रेडिएटरने स्वतःहून बंद होऊ नये, नाहीतर थर्मोस्टॅट बिचारा उष्णता मागतच राहतो आणि बाकीच्या खोल्या भाजून निघतात.

आता जावयाच्या डोक्यात नवीन खूळ आहे. प्रत्येक रेडिएटरला मोबाइलवरून चालणारी मूठ बसवायची, म्हणजे दोनाचे आठ झोन. मला तत्त्वतः आक्षेप नाही. पण आठ ठिकाणांहून मागणी जाणार म्हणजे आठ निरोप, आठ बॅटऱ्या, वर वाय-फाय. आणि कुणी आठव्या खोलीसाठी बाथरूमची मूठ वाढवायची चिठ्ठी दाराला चिकटवेल तेव्हा मी मुलुंडला असेन की नाही कोण जाणे. मी त्याला आधी जिन्याखालच्या कपाटातल्या सगळ्या वायरींना लेबलं लावायला सांगितलंय: कुठून आली, कुठे जाते. त्याने लेबलं मागवली, ती पाच रंगांची निघाली. वायरींचे रंग ठरलेले असताना वर आणखी पाच रंग लावून उद्या येणाऱ्या माणसाचा गोंधळ उडवायचा का, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. तो म्हणतो, ही परत देऊन पांढरी मिळणार नाहीत. मी म्हटलं, मग कागदावर लिही आणि चिकटपट्टी लाव.